शेंदरी बोंडअळी आणि उत्परिवर्तनाची धाव: मराठवाड्यातलं एक प्रकरण

२०१७ च्या खरिपात परभणी, जालना, बीड, नांदेड, हिंगोली आणि तेव्हाचा औरंगाबाद या जिल्ह्यांत, तसंच विदर्भातही, बीटी कापसाच्या (जिवाणूचं कीड मारणारं जनुक घातलेल्या कापसाच्या) बोंडांत शेंदरी अळी सर्रास सापडू लागली. झाडं वरून धडधाकट दिसत होती आणि कैऱ्याही, म्हणजे न उमललेली हिरवी बोंडं, भरपूर लागल्या होत्या. वेचणीला मात्र अनेक शेतांत बोंडं अर्धवट उमलली आणि कापूस पिवळट, चिकटलेल्या कवडीच्या रूपात हाती आला. बियाण्याच्या पाकिटावर बोलगार्ड-२ लिहिलेलं होतं, म्हणजे बोंडअळी मारणारी दोन प्रथिनं झाडाच्या अंगातच होती. त्यातलं क्राय१एसी हे २००२ पासून भारतीय शेतात आहे आणि क्राय२एबी २००६ पासून. दहा-पंधरा वर्षांत अळीने दोन्ही पचवली.

उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकात आपोआप होणाऱ्या बदलाला, उत्क्रांतीत काही मर्यादा आहे का, हा प्रश्न एरवी वर्गात किंवा वादात चर्चिला जातो. तो इथे शेतात, मोजता येईल अशा रूपात समोर आहे. एका बाजूला म्हणतात, उत्परिवर्तन फक्त मोडतोड करतं, त्यातून फारसं काही घडत नाही. दुसरी बाजू म्हणते, पुरेसा वेळ मिळाला की कीड कशावरही मात करते, त्यामुळे आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही. या प्रकरणाचे आकडे नीट मांडले तर दोन्ही म्हणणी टिकत नाहीत.

आधी खात्री: ही खरंच प्रतिकारकता होती का?

बीटीच्या शेतात अळी दिसली म्हणजे अळी बदलली, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. बियाणं बोगस असू शकतं, किंवा कुणी संकरित पिकाची घरची सरकी पेरलेली असू शकते. कैरी नॉन-बीटीच्या ओळीतली असू शकते. म्हणून तपासणीचा क्रम पाळावा लागतो.

एकरी २० हिरव्या कैऱ्या शेतात तिरपं चालत, वेगवेगळ्या झाडांवरून तोडायच्या. बांधाकडेच्या ओळी सोडायच्या. कैरी मध्यम आकाराची, बोटाने दाबली तर किंचित दबणारी हवी. बाहेरून बघून काही कळत नाही, कारण लहान अळी आत शिरल्यावर कैरी वाढत जाते आणि शिरकावाचं छिद्र बुजून जातं. कैरी चाकूने फोडली की आतल्या सालीवर बारीक फोड, बोंडाच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात गेलेलं भोक आणि सरकीत शिरलेली अळी दिसते. कोवळी अळी पांढुरकी, तपकिरी डोक्याची असते. शेंदरी रंग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत चढतो, त्यामुळे रंगावर विसंबलं तर लहान अळ्या मोजणीतून सुटतात.

ज्या झाडाची कैरी घेतली त्याच झाडाच्या पानाची आणि त्याच कैरीच्या सालीची पट्टी-चाचणी (बीटी प्रथिन असेल तर पट्टीवर रेघ उमटते) करायची. दोन्ही प्रथिनांच्या रेघा उमटल्या तरच पुढचं पाऊल. मग त्या अळ्यांना पतंग होईपर्यंत वाढवून त्यांची पिल्लं प्रयोगशाळेत कृत्रिम खाद्यावर सोडतात. शेंदरी अळीसाठी क्राय१एसीची निदानाची मात्रा खाद्याच्या दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. २१ दिवसांनी जी अळी चौथ्या अवस्थेला पोचली किंवा कोषात गेली ती प्रतिकारक धरतात. शेतातून आणलेली मोठी अळी थेट या खाद्यावर ठेवली तर निकाल फसवा येतो, कारण वाढलेली अळी मुळातच विषाला कमी बधते. चाचणी नवजात अळीवरच व्हायला हवी.

भारतातली क्राय१एसीविरुद्धची प्रतिकारकता याच पद्धतीने गुजरातेतल्या अमरेलीहून २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांत सिद्ध झाली होती. २०१७ चा मराठवाडा त्या साखळीतला पुढचा दुवा आहे.

अळीत नेमकं काय बदललं

बीटी प्रथिन अळीच्या मध्यआतड्यात विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतं, पेशींना छिद्रं पाडतं आणि अळी मरते. क्राय१एसी ज्याला चिकटतं त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. कुलपाची खाचच नसली तर किल्ली निरुपयोगी ठरते, तसं कॅडहेरिन बिघडलं की विषाला धरायला जागा उरत नाही.

भारतीय शेतांतल्या प्रतिकारक अळ्यांचं कॅडहेरिन जनुक तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात या जनुकाची ८ नवी, पार मोडलेली रूपं सापडली. त्या ८ रूपांपासून १९ वेगवेगळे आरएनए संदेश बनत होते, कारण संदेश जोडताना होणारी कापाकापीच चुकत होती. क्राय२एबीच्या बाबतीत २०१८ मध्ये एबीसीए२ नावाच्या दुसऱ्याच जनुकातली मोडतोड जबाबदार असल्याचं दिसलं, आणि तिथेही भारतीय शेतांतून आलेल्या अळ्यांत एकच एक बदल नव्हता.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. एखाद्या विशिष्ट उत्परिवर्तनाची डीएनए चाचणी बनवून गावोगाव नमुने तपासू म्हटलं, तर इथे ती चालत नाही. एक रूप शोधणारी चाचणी बाकीची सोडून देते. शिवाय संदेश-जोडणीतली चूक पकडायला आरएनए लागतो आणि तो अळी मेल्यावर भराभर कुजतो. डीएनएसाठी अळी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाकली तरी चालतं. आरएनएसाठी मात्र जिवंत अळीचं आतडं काढून लगेच संरक्षक द्रावणात किंवा कोरड्या बर्फात घालावं लागतं. डब्यात भरून दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या अळ्यांतून हे उत्तर मिळत नाही. म्हणून खाद्यावरची चाचणी जुनी आणि वेळखाऊ असली तरी आजही तीच भरवशाची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. इथे जे घडलं ती मोडतोडच होती, हे मान्य करायला हवं. पण मोडायचे मार्ग असंख्य असतात आणि म्हणूनच असं उत्परिवर्तन स्वस्त पडतं. घडवायचे मार्ग थोडे, म्हणून ते महाग. उत्परिवर्तनाची पहिली मर्यादा या किमतीच्या फरकात आहे.

पुरवठा किती, याचा हिशेब

कॅडहेरिन जनुकाचा प्रथिन बनवणारा भाग डीएनएच्या सुमारे ५,२०० अक्षरांचा आहे. फळमाशीत आणि एका फुलपाखरात मोजलेला उत्परिवर्तनाचा वेग दर पिढीला १०० कोटी अक्षरांमागे सुमारे ३ आहे, तोच बोंडअळीला धरू. म्हणजे या जनुकाच्या साधारण ६४ हजार प्रतींमागे एका प्रतीत काहीतरी नवा बदल होतो. त्यातला दहातला एक बदल जनुक मोडणारा धरला, तर साडेसहा लाख प्रतींमागे एक नवी मोडकी प्रत.

४ बाय दीड फुटावर लावलेल्या कापसाची एकरी ७,२६० झाडं होतात. गावात ५०० एकर कापूस आणि झाडामागे एक अळी धरली तर ३६ लाख अळ्या, म्हणजे प्रत्येकीत जनुकाच्या दोन याप्रमाणे ७२ लाख प्रती. एका गावात, एका पिढीत, सुमारे ११ नव्या मोडक्या प्रती तयार होतात. ही अळी महिना-सव्वा महिन्यात एक पिढी पुरी करते. म्हणजे क्राय१एसीविरुद्ध लागणारं उत्परिवर्तन मराठवाड्यात दर हंगामात, प्रत्येक कापूसगावात, आपल्या इच्छेविना होतच असतं आणि बीटी येण्याआधीही होत होतं. विष आलं म्हणून जनुक बदललं असं नाही. बदललेली जनुकं आधीपासून तुरळक होती, विषाने बाकीच्यांना बाजूला केलं.

मग प्रश्न असा की पुरवठा इतका असताना सगळीकडे असं का झालं नाही?

ऍरिझोना: तीच अळी, तेच जनुक, उलटा निकाल

अमेरिकेतल्या ऍरिझोनात बीटी कापूस १९९६ मध्ये आला. १९९७ मध्ये तिथल्या शेंदरी अळीत प्रतिकारक प्रतींचं प्रमाण अंदाजे ०.१६ निघालं. शंभरात सोळा! तेव्हाचे जाणकार हजारात एक धरून चालले होते. प्रयोगशाळेत निवड केली की त्या अळ्या बीटी बोंडावर आरामात वाढत, आणि त्यांच्यातही कॅडहेरिनच मोडलेलं होतं. म्हणजे उत्परिवर्तनाचा साठा तिथे इथल्यापेक्षा तयार होता. तरीही पुढच्या वर्षांत प्रमाण वाढलं नाही, शेतात बीटी फसलं नाही, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून शेंदरी अळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं.

कारण वारशाच्या साध्या गणितात आहे. मोडक्या कॅडहेरिनची प्रतिकारकता वारशात अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे. आई-बाप दोघांकडून मोडकी प्रत आली तरच अळी वाचते. एक प्रत धड असली की कॅडहेरिन बनतं आणि अळी मरते. प्रतींचं प्रमाण हजारात एक असेल तर दुहेरी मोडक्या अळ्या दहा लाखांत एक, आपल्या गावात ३ किंवा ४. आता २० टक्के क्षेत्रात नॉन-बीटी असेल तर तिथून सुमारे ७ लाख साध्या अळ्या पतंग होऊन बाहेर पडतात. त्या गर्दीत ३-४ प्रतिकारक पतंगांना आपल्यासारखा जोडीदार मिळणं जवळपास अशक्य. त्यांची पिल्लं एकेरी मोडकी निघतात आणि पुढच्या पिढीत बीटीवर मरतात. ऍरिझोनाच्या शेतकऱ्यांनी नॉन-बीटी क्षेत्र पाळलं आणि पुढे २००६ पासून नपुंसक केलेले पतंग सोडून तेच काम केलं.

त्यात आणखी एक भर पडते. मोडकं कॅडहेरिन फुकट मिळत नाही. नॉन-बीटी झाडावर प्रतिकारक अळी साध्या अळीपेक्षा मागे पडते आणि कापसातलं गॉसिपॉल (झाडाचं नैसर्गिक विष) जास्त असेल तर हा तोटा वाढतो. म्हणजे नॉन-बीटीचा पट्टा नुसते साधे पतंग पुरवत नाही, प्रतिकारक अळ्यांना तो छाटतोही.

इथे काय वेगळं झालं

भारतात बियाण्याच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी येत असे. ती बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहिली. एकरभर रानात पाच ओळी ‘अळीला’ सोडायच्या हे कोरडवाहू शेतकऱ्याला पटवणं सोपं नव्हतं, आणि पुडीतलं वाण कित्येकदा मुख्य वाणाच्या वेळेला फुलत नसे. दोन्हीकडचे पतंग एकाच काळात निघाले नाहीत तर पट्टा असूनही उपयोग शून्य. आता पाकिटातच ५ ते १० टक्के नॉन-बीटी बी मिसळून ४७५ ग्रॅम देतात. शेंदरी अळी सहसा एका बोंडातच वाढते, झाडावरून झाडावर भटकत नाही, त्यामुळे या किडीपुरती मिसळणीची पद्धत रास्त आहे. प्रमाण मात्र आमच्या मते तोकडं आहे.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणात आहे. आपल्याकडे तो संकरित आहे आणि संकरित झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते. अशा झाडाच्या स्वपरागित बोंडातल्या सरक्यांत क्राय१एसी चारात एकीत नसतं. दोन्ही प्रथिनं नसलेली सरकी साधारण सोळात एक. शेंदरी अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला काही सरक्यांत पूर्ण विष, काहींत अर्धं आणि काहींत काहीच नाही असं मिळतं. एकेरी मोडकी अळी, जी पूर्ण मात्रेत मेलीच असती, ती अशा बोंडात निभावून जाऊ शकते. हिशेब पाहा: हजारात एक प्रमाण असेल तर गावातल्या ३६ लाखांत एकेरी मोडक्या अळ्या सुमारे ७,२००. त्यांतल्या शंभरात एक जरी वाचली तरी ७२ वाचल्या, म्हणजे दुहेरी मोडक्या ३-४ अळ्यांच्या वीसपट. उत्परिवर्तन तेच, वेग तोच, पण धाव वीसपट.

चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात हीच अळी परत ताळ्यावर आली, तेही संकराच्या पुढच्या पिढीचं बी पेरल्यामुळे. तिथे चारात एक झाड संपूर्ण नॉन-बीटी निघालं. फरक इथेच आहे. अख्खं झाड मोकळं असेल तर साधे पतंग भरपूर निघतात, नुसती सरकी मोकळी असेल तर तितके निघत नाहीत.

तिसरं, लांबलेला हंगाम. पेरणीनंतर ११०-१२० दिवसांनी झाडातलं क्राय१एसी घटत जातं. त्यापुढे पाणी देऊन फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक रानात राखलं, तर कमी विषावर आणखी पिढ्या निघतात. जिथे ठिबकवर मे महिन्यात लागवड होते तिथे पुढच्या टोकालाही पतंगांना लवकर फुलं मिळतात.

पण निर्णायक चूक पायऱ्यांची होती. दोन विषं एकत्र देण्यामागचं गणित असं: प्रत्येकाविरुद्ध दुहेरी मोडकी अळी दहा लाखांत एक, तर दोन्हींविरुद्ध एकाच वेळी एक लाख कोटीत एक. महाराष्ट्रात सुमारे ४२ लाख हेक्टर कापूस, म्हणजे एक कोटी एकरांवर, झाडामागे एक अळी धरली तरी साडेसात हजार कोटी अळ्या होतात. अख्ख्या राज्यात एका पिढीत अशी एक अळीही अपेक्षित नाही. हीच उत्परिवर्तनाची खरी मर्यादा. दोन स्वतंत्र बदल एकदम लागत असतील आणि एकटा बदल निरुपयोगी असेल, तर इतकी मोठी लोकसंख्याही तो पल्ला सहसा पार करत नाही.

बोलगार्ड-२ पसरलं तेव्हा शेतात आधीचं एकविषी बीटी होतंच आणि क्राय१एसी गुजरातेत ढासळत होतं. पहिली पायरी अळी चढलेली असताना दोनविषी झाड तिच्यासाठी एकविषीच उरलं. लाख कोटीत एकचा पल्ला पुन्हा दहा लाखांत एकवर आला. पायरी आपण बांधून दिली.

त्याच रानातली दुसरी बोंडअळी

मराठवाड्यात हेच विष हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीवरही पडत आलं. तिचंही कॅडहेरिन मोडतं. पण ती शेंदरीसारखी हाताबाहेर गेलेली नाही, आणि त्याचं एक मोठं कारण आपल्या पीकपद्धतीत आहे. ही अळी तुरीवर, हरभऱ्यावर, ज्वारीच्या कणसावर वाढते. कापसात तुरीच्या ओळी घालायची आपली जुनी रीत तिच्यासाठी आपोआप नॉन-बीटी पट्टा ठरली. शेंदरी अळीला कापसाबाहेर भेंडी-अंबाडीसारखी थोडीच झाडं चालतात, आणि मराठवाड्यात ती कापसाच्या तुलनेत नगण्य.

उत्परिवर्तन फक्त मोडतं असं म्हणणाऱ्यांनी याच हिरव्या अळीकडे पाहावं. फेनव्हलरेट या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाला तिने दिलेलं उत्तर २०१२ मध्ये उलगडलं. शेजारी-शेजारी असलेली दोन जनुकं गुणसूत्रांच्या अदलाबदलीत घसरून एकमेकांत मिसळली आणि सीवायपी३३७बी३ नावाचं तिसरंच जनुक तयार झालं. त्याचं विकर (एन्झाइम) हे विष पचवतं, जे आधीच्या दोघांना जमत नव्हतं. नवी क्षमता तयार झाली, यात शंका नाही. मात्र कच्चा माल हाताशी होता: दोन तयार जनुकं, शेजारी-शेजारी. जिथे असा माल नाही तिथे उत्परिवर्तन थांबतं. शेंदरी अळीने शतकभर कापसाशेजारी तूर असूनही तुरीवर संसार थाटलेला नाही, कारण त्यासाठी अंडी घालण्याची निवड, पचन, जीवनक्रम हे सगळं बदलावं लागेल आणि अर्ध्या वाटेवरच्या अळीला त्याचा लाभ नाही.

हिरव्या अळीबाबत निर्धास्त राहता येत नाही. चीनमध्ये तिच्या टेट्रास्पॅनिन जनुकात एका अक्षराचा बदल सापडला, जो प्रभावी आहे, म्हणजे एकाच प्रतीने अळी वाचते. २००६ ते २०१६ मध्ये त्याचं प्रमाण हजारात एकवरून दहात एकवर गेलं. अशा बदलापुढे नॉन-बीटी पट्ट्याचं गणित लंगडं पडतं, कारण साध्या पतंगाशी जोडी जमली तरी अर्धी पिल्लं वाचतात.

गावपातळीवर आता काय

दोन्ही विषांविरुद्ध बदल स्थिरावलेल्या अळीवर झाडातलं बीटी पुन्हा धार धरेल ही अपेक्षा नजीकच्या काळात नको. आता मारा अळीच्या संख्येवर आणि तिच्या सलग पिढ्यांवर करायचा, म्हणजे अशा जागी जिथे तिच्याकडे एका उडीचं उत्तर नाही.

पेरणी जूनमध्ये, पुरेसा पाऊस झाल्यावर. १ जूनआधी शेतकऱ्यांना बियाणं विकू नये असे राज्याने काही हंगामांत काढलेले आदेश याचसाठी होते: सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगाला पात्या-फुलं मिळाली नाहीत तर त्याची पिढी तिथेच संपते. कमी कालावधीचं वाण घ्यावं. ४५ दिवसांपासून एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे) लावावेत, पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर, आणि पीक वाढेल तसे वर सरकवावेत. पानांत दडलेला सापळा कमी पतंग पकडतो आणि मोजणी खोटी पडते. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, तिच्या मुदतीत बदलावी आणि हरभऱ्यासाठी आणलेली हिरव्या अळीची ल्यूर चुकून बसवू नये. ही गल्लत दुकानापासूनच होते. सलग ३ रात्री दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग, किंवा २० कैऱ्यांत २ किडक्या, ही फवारणीची पातळी. पाकळ्या गुंडाळलेल्या डोमकळ्या दिसतील तशा तोडून अळीसकट नष्ट कराव्यात. फवारणी एकाच गटाच्या औषधाने पुन्हा पुन्हा करू नये, नाहीतर बीटीच्या पायऱ्यांचा तोच खेळ कीटकनाशकांत सुरू होतो.

डिसेंबरअखेर वेचणी संपवून रान मोकळं करावं. मेंढ्या, शेळ्या सोडाव्यात, उरलेल्या कैऱ्या त्या खातात. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. वाळक्या बोंडात आणि चिकटलेल्या जोड-सरक्यांत अळी सुप्त बसते. जिनिंगच्या आवारातही हंगामानंतर सापळे हवेत, कारण सरकीच्या ढिगातून निघालेले पतंग आसपासच्या शेतांत पहिले पोचतात. हे सगळं एका शेतकऱ्याने करून भागत नाही, पतंग शिव ओलांडतो. गावातली निम्मी रानं डिसेंबरला मोकळी आणि निम्म्यांत मार्चपर्यंत फरदड असेल, तर पुढच्या हंगामाची अळी त्या फरदडीतूनच येते.